एकतीस मिलिमीटर

पहिले तीन महिने मी छताकडेच बघत होतो.
इरासिल्दा काय करते ते मला आवाजावरून ठाऊक:
कोमट पाण्याचं भांडं, कात्री,
जुनी पिशवी कातडीवरून सुटतानाची चिकट कुरकुर.
छताला किती पत्रे, किती खिळे, त्यातला कुठला गंजलेला,
सगळं पाठ झालं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, नदीपल्याड बेलेमला,
मार्लुसी सिस्टरनं मला बसवलं, उभं केलं, वाकायला लावलं,
घड्या कुठे पडतात ते पाहिलं,
आणि बेंबीच्या उजवीकडे निळ्या पेनानं फुली मारली.
"काम काय करता?"
म्हटलं, आसाईच्या झाडावर चढतो.
पेन जरासं थांबलं.

कारण आसाईचं झाड पोटानं चढायचं असतं.
पाय दोरीच्या फासात, सुरा कमरेला,
आणि खोडाला अशी मिठी
की सालीचे वळ बेंबीपर्यंत उठतात.
माझा बापही असाच
पोटासाठी पोटानं चढला.

आणि आता पोटातलं पोटावर आलं.

सिस्टर म्हणाली होती, बघा तरी एकदा,
गालाच्या आतल्या बाजूसारखं आहे, लाल, ओलं.
याला हात लागला तरी दुखत नाही,
याला दुखणं माहीतच नाही.
मी म्हटलं, नशीबवान आहे,
आणि तोंड फिरवलं.

घरी आलो, माझा झुला बाहेर ओटीवर बांधला.
तिनं कारण विचारलं नाही.
महिन्याला पिशव्या दहा; दुपारच्या घामानं डिंक सुटतो,
दहाच्या सात होतात.
जळत होतं. कडेची कातडी सोलल्यासारखी.
ती विचारायची, बरं आहे ना?
मी म्हणायचो, बरं आहे.
पोटात ठेवायची सवय,
पोट फाडलं तरी गेली नव्हती.

मग तिच्या बहिणीचं बाळंतपण निघालं, वरच्या अंगाला,
दोन ओहोट्यांच्या अंतरावर.
तिसऱ्या रात्री पिशवी सुटली.
झुला, चादर, मांडी, सगळं.
मुलगी आत झोपलेली. तिला हाक मारणं
मरणाहून जड वाटलं.
टॉर्च दातांत धरला आणि खाली पाहिलं.

ते हललं.
थोडंसं, आपल्याच नादात,
चिखलातल्या खेकड्यानं डोकं काढावं तसं.
मी म्हणालो, बरं, तू आहेस तर.

डब्यात सिस्टरचं मापाचं कार्ड होतं,
वर्तुळं कापलेलं. लावून पाहिलं.
अडतीस सैल. पस्तीस सैल.
एकतीस.
तीन महिने ते आकसत होतं,
आणि बिचारी इरासिल्दा अजून अडतीसचंच भोक कापत होती,
पहिल्या दिवशी सिस्टरनं कागदावर लिहून दिलेलं.
मधली सात मिलिमीटर
उघडी कातडी, रोज भाजत,
आणि वर माझं 'बरं आहे'.

धुतलं. टिपलं, घासलं नाही. पंख्यासमोर वाळवलं.
भोक वाकडं कापलं गेलं, पण एकतीसचं.
तळहात ठेवून बसलो, डिंकाला ऊब लागते म्हणून.
असा हात मी मुलीच्या कपाळावर ठेवायचो,
ताप असला की.

सकाळी पिशवी जांभळी-काळी.
रक्त! माझे पाय गेले.
नावेकडे निघालोसुद्धा, धक्क्यापर्यंत गेलो,
तेव्हा आठवलं: काल रात्री
दोन वाडगे आसाई मीच तर प्यालो.
फळ्यांवर बसून एकटाच हसलो,
शेजारच्या बोटीतल्या बाईनं वल्हं थांबवलं.

इरासिल्दा भरतीबरोबर आली.
ओटीवर मी कात्री घेऊन, पुढ्यात पाच चकत्या.
तिनं एक उचलली, उजेडात धरली,
भोकातून माझ्याकडे पाहिलं.
"लहान झालंय की."
"हो. तुला सांगायचं राहिलं,
जळत होतं."
ती काही बोलली नाही. बराच वेळ.
मग ती चकती तिनं माझ्या अंगावर फेकली
आणि ओटीवरच्या झुल्याची गाठ सोडायला लागली.

मागे मुलगी झाडावर चढली आहे,
फास घट्ट, सुरा कमरेला.
खालून मी ओरडतो, सावकाश.
पोट सांभाळ.